आधी इंजिनाची ओळख, मग इंजिनावर खर्च

माल वेळेवर विणला गेला, गाठी बांधून झाल्या, पण ट्रक गॅरेजमध्ये उभा असेल तर सगळा व्यापार ठप्प होतो. ही गोष्ट भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मोठ्या कंपन्यांची वाहतूक नव्या गाड्यांवर चालते. आपल्यासारख्या मध्यम व लहान व्यापाऱ्यांची, त्याचप्रमाणे एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या ट्रकमालकांची भिस्त मात्र जुन्या गाड्यांवर असते. अशा गाडीचे इंजिन कामातून गेले की नवे इंजिन परवडत नाही आणि जुन्याची पूर्ण दुरुस्तीही महाग पडते. मग कोणीतरी सल्ला देतो की जुन्या बाजारातून एखादे चांगले इंजिन आणा, थोडे काम करून घ्या आणि बसवा.

हा सल्ला मुळात चुकीचा नाही. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट हे जुन्या सुट्या भागांचे बाजार अशाच गरजेतून उभे राहिले आणि त्यांवर हजारो कारागिरांची घरे चालली. चूक होते ती खरेदीच्या पद्धतीत. जमिनीवर एक इंजिन पडलेले असते. त्यावर ताजा रंग मारलेला असतो. विकणारा सांगतो, "चालू गाडीतून काढले आहे, सहाशे सत्त्याण्णव आहे, टर्बो करून देऊ." घेणारा फक्त एकच प्रश्न विचारतो, "शेवटचा भाव काय?" सौदा होतो, इंजिन गॅरेजमध्ये येते आणि हे इंजिन नक्की कोणते आहे याचा शोध त्यानंतर सुरू होतो. तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अनोळखी इंजिनाची ओळख पटवणे हे स्वतंत्र काम आहे. ते खरेदीच्या आधी झाले पाहिजे, त्याची मिस्त्रीला वेगळी मजुरी मिळाली पाहिजे आणि त्याचा निकाल कागदावर आला पाहिजे. ही ओळख पटेपर्यंत सुधारणेवर एक रुपयाही खर्च करू नये.

कापडाला एक नियम, इंजिनाला दुसरा?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. कोरा तागा समोर आला की आपण काय करतो? भिंग लावून इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोजतो, सुताचा नंबर विचारतो, पन्हा मोजतो, वजन करतो. विकणाऱ्याने तोंडाने सांगितलेल्या दर्जावर आपण गाठ उचलत नाही. वाईट माल निघाला तर एका गाठीचे नुकसान होते, तरीही आपण इतकी काळजी घेतो. मग जे इंजिन वर्षानुवर्षे आपला माल वाहणार आहे आणि ज्याच्या भरवशावर चालक-क्लीनर रात्रीचा घाट उतरणार आहेत, ते आपण रंग पाहून कसे घेतो? कापडाची परीक्षा आपल्याला येते आणि इंजिनाची येत नाही, हे खरे. पण जे आपल्याला येत नाही ते ज्याला येते त्याला विचारावे आणि विचारण्याचे मोल द्यावे, हा तर व्यापाराचा पहिला धडा आहे.

गाडीवरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा

पुष्कळ लोक गाडीच्या मॉडेलवरून इंजिन ओळखतात. टाटाच्या जुन्या गाड्यांचे क्रमांक मोठे बोलके असत. १२१० म्हणजे सुमारे १२ टन एकूण वजनाची आणि सुमारे १०० अश्वशक्तीची गाडी. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२०. ४०७ म्हणजे ४ टन आणि ७०. परंतु या आकड्यावरून फक्त कारखान्यातून निघालेल्या गाडीची माहिती मिळते. वीस-पंचवीस वर्षांत त्या गाडीत दुसरे, तिसरे इंजिन बसलेले असू शकते. म्हणून "१६१२ मधून काढले आहे" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि खरी सुरुवात तिथून करावी. टाटाच्या जुन्या इंजिनांच्या क्रमांकात सुरुवातीलाच इंजिनाचा प्रकार येतो आणि त्या प्रकाराच्या आकड्यातच माप दडलेले आहे. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि तोच ९७ चा बोअर. त्यापुढे टीसी अशी अक्षरे असतील तर ते टर्बोचे इंजिन होय. ही खूण ज्याला ठाऊक आहे त्याला अर्धी माहिती बसल्या जागी मिळते.

ब्लॉकवर आणखी एक मोठा क्रमांक ओतकामातच उठलेला असतो. तो साच्याचा क्रमांक. एकाच साच्यातून निघालेला ब्लॉक अनेक प्रकारच्या इंजिनांना लागू शकतो, म्हणून त्याला इंजिनाचा क्रमांक समजू नये. खरा क्रमांक सपाट केलेल्या जागेवर पंचाने ठोकलेला असतो. त्या जागेवर ग्राइंडरचे ताजे ओरखडे असतील, अक्षरे वाकडीतिकडी किंवा कमीजास्त खोल असतील, किंवा नेमक्या तेवढ्याच जागी जाड रंग असेल तर तिथेच सौदा थांबवावा. त्याचे कारण पुढे कायद्याच्या भागात येईल.

माप खोटे बोलत नाही

क्रमांक पुसट झालेला असेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर माप घ्यावे. यासाठी हेड उतरवावे लागते. बोअर गेजने सिलिंडरचा व्यास घ्यावा आणि पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती उतरतो ते मोजून स्ट्रोक काढावा. ६९७ चा बोअर ९७ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२८ मिलिमीटर आहे. १९५४ ते १९६९ या काळात टाटांचा जर्मनीच्या डेमलर-बेंझशी सहकार्याचा करार होता. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापेही हीच, हे जाणकार मिस्त्रींना माहीत आहे.

मापावरून घनसेंटिमीटर काढणे अवघड नाही. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, मग ०.७८५४ ने, मग स्ट्रोकने आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने. ९.७ गुणिले ९.७ म्हणजे ९४.०९. त्याला ०.७८५४ ने गुणले की ७३.९ येतात. त्याला १२.८ ने आणि ६ ने गुणले की उत्तर सुमारे ५६७५. हेच ६९७ चे घनसेंटिमीटर. ६९२ चा स्ट्रोक १२० मिलिमीटर असल्यामुळे त्याचा हिशोब ४८०० च्या आसपास थांबतो. ४०७ सारख्या लहान गाड्यांत आलेल्या ४९७ चा स्ट्रोक १०० मिलिमीटर आणि घनसेंटिमीटर २९५६.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की जुने इंजिन एक-दोनदा बोअर झालेले असते. माप ९७.५० आले तर ते वेगळे इंजिन नसून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज झालेले ६९७ आहे, असे समजावे. पिस्टनच्या माथ्यावर बहुधा हा ओव्हरसाइजचा आकडा लिहिलेला असतो. सिलिंडरच्या वरच्या भागात रिंगांची घासण जास्त असते आणि अगदी तळाशी, जिथे रिंगा पोहोचत नाहीत, तिथे मूळ माप शिल्लक असते. म्हणून माप दोन्हीकडे घ्यावे. या दोहोंतील फरक म्हणजे झीज.

दुसरी गोष्ट अशी की ६९२ चे ६९७ करता येत नाही. बोअरमध्ये ५ मिलिमीटरचा आणि स्ट्रोकमध्ये ८ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे क्रँकच वेगळा आहे. आमच्या परिचयाच्या एका ट्रकमालकाने असेच रंगवलेले इंजिन ६९७ म्हणून घेतले आणि पिस्टन-स्लीव्हचे किटही आधीच आणून ठेवले. हेड उतरल्यावर बोअर ९२ चा निघाला. विकणारा म्हणाला, आम्ही जसे आले तसे दिले. बिल नव्हते, चिठ्ठी नव्हती, बोलणार कोणाशी? किट परत गेले नाही आणि इंजिनही परत गेले नाही.

एक साक्षीदार पुरेसा नाही

नुसत्या घनसेंटिमीटरवरही विसंबू नये. टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून कमिन्सची बी मालिकेची इंजिने टाटाच्या गाड्यांत येऊ लागली. त्यातील सहा सिलिंडरच्या ६ बीटीचा बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर आणि घनसेंटिमीटर ५८८३ आहेत. ५६७५ आणि ५८८३ हे आकडे कानाला जवळजवळ सारखेच लागतात. "पावणेसहा-सहा लिटरचे इंजिन आहे" असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ दोन्ही होऊ शकतो, पण दोघांचा एकही मोठा भाग एकमेकांना लागत नाही.

कमिन्सच्या इंजिनाला माहितीची पाटी असते. तीवर इंजिनाचा अनुक्रमांक असतो आणि सीपीएल म्हणून एक आकडा असतो. कोणत्या भागांच्या यादीप्रमाणे हे इंजिन जुळवले गेले ते त्या आकड्यावरून कळते. दिसायला तंतोतंत सारख्या दोन इंजिनांचे सीपीएल वेगळे असेल तर पिस्टन, कॅमशाफ्ट, टर्बो किंवा पंप वेगळा असू शकतो. म्हणून भाग मागवताना दोन्ही आकडे द्यावेत. पाटी उखडलेली असेल तर इंजिनाच्या भावातून ती उणीव वजा झाली पाहिजे.

डिझेल पंपाची पाटीही बोलते. बॉशच्या ज्या इनलाइन पंपांवर आपल्याकडील जुनी इंजिने चालली, त्यांच्या पाटीवर "पीईएस ६ ए ९०" अशा धर्तीचा क्रमांक असतो. त्यातील ६ म्हणजे सहा सिलिंडरचा पंप, ए म्हणजे पंपाचा आकार आणि ९० म्हणजे आतील प्लंजरचा व्यास ९ मिलिमीटर. हा क्रमांक घेऊन डिझेल पंपाचे काम करणाऱ्याकडे गेले की पंप मुळात कोणत्या इंजिनासाठी बनला ते तो सांगू शकतो. अर्थात पंप बदललेला असू शकतो. ब्लॉक एकाचा, हेड दुसऱ्याचा आणि पंप तिसऱ्याचा अशी जुळवाजुळव या बाजारात नवी नाही.

हेडकडेही पाहावे. ६९७ ला सहाही सिलिंडरवर एकच लांब हेड असते. पुण्यात कमिन्सचा कारखाना १९६२ पासून आहे. तिथली १४ लिटरची एनटी ८५५ ही मोठी इंजिने जनरेटर आणि माती उपसणाऱ्या यंत्रांवर चालली. त्यांना दोन-दोन सिलिंडरवर एक अशी तीन हेडे असतात आणि पंपापासून प्रत्येक नॉझलपर्यंत जाणाऱ्या दाबाच्या नळ्या नसतात. असे इंजिन कोणी ट्रकचे म्हणून दाखवू लागला तर दुरूनच सलाम करावा.

क्रमांक, माप, पंप आणि हेड या चार साक्षीदारांपैकी निदान तीन एकच गोष्ट सांगत असतील तर ओळख पटली असे मानावे. साक्षी जुळत नसतील तर ते इंजिन जुळवलेले आहे. जुळवलेले इंजिन घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही, पण ते जुळवलेले आहे हे जाणून आणि त्याच भावाने घ्यावे.

हे सर्व जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांबद्दल झाले. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. बीएस-६ च्या इंजिनाचा कारभार संगणकाकडे आहे. त्याचा कंट्रोल युनिट, वायरिंग, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांशिवाय नुसता ब्लॉक आणणे म्हणजे भात्याशिवाय पेटी आणणे होय.

सुधारणा कोणती करावी?

ओळख पटली की मग सुधारणेचा प्रश्न येतो. आपल्याकडे सुधारणा म्हटली की टर्बो, अशी समजूत झाली आहे. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. जास्त हवेत जास्त डिझेल जळू शकते आणि त्यातून ताकद वाढते. नुसता टर्बो लावून डिझेल तेवढेच ठेवले तर फारसा फायदा नाही, आणि हवा न वाढवता डिझेल वाढवले तर फक्त काळा धूर मिळतो. दोन्ही वाढवले तर सिलिंडरमधील दाब आणि उष्णताही वाढते. म्हणून कारखान्यात जे इंजिन टर्बोचे म्हणून बनते त्याचे पिस्टन वेगळे असतात, तेलाने पिस्टन थंड ठेवण्याची सोय असते, पंप आणि नॉझल वेगळ्या मापाचे असतात, रेडिएटर मोठा असतो. साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो टांगला तर यातले काहीच येत नाही. आठ-दहा महिन्यांत हेड गॅस्केट जाते, नाहीतर पिस्टन वितळतो. समजा इंजिन टिकलेच, तरी क्लच, गिअर बॉक्स आणि मागचे हाउसिंग हे जुन्या ताकदीच्या मापाचेच आहेत आणि ब्रेकही तेच आहेत. आरसी बुकातले वजनही वाढत नाही. मग ती वाढीव ताकद खर्च तरी कुठे करणार?

टर्बो हवाच असेल तर मूळचे टर्बोचे इंजिन घ्यावे, तेही गाडीला मान्य असलेल्या प्रकारातले. साध्या इंजिनासाठी खऱ्या सुधारणा वेगळ्या आहेत आणि त्या स्वस्तही आहेत. डिझेल पंप आणि नॉझल टेस्ट बेंचवर लावून सर्व सिलिंडरना सारखे डिझेल जाते की नाही ते पाहावे. पंपाचे टायमिंग पुस्तकाप्रमाणे बसवावे. व्हॉल्व्ह घासून बसवावेत. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे आणि एखादा मागे पडत असेल तर त्याचे कारण शोधावे. रेडिएटर खोलून साफ करावा. एअर फिल्टर चांगल्या प्रतीचा घालावा, कारण धूळ रिंगांना आणि सिलिंडरला जितकी खाते तितके दुसरे काहीही खात नाही.

आणि एक अगदी लहान गोष्ट. आपल्याकडे इंजिन थोडे तापले की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत पडली आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नेहमी थंड चालते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. तापण्याचे कारण रेडिएटरमध्ये, पंख्याच्या पट्ट्यात किंवा पाण्याच्या पंपात शोधावे आणि थर्मोस्टॅट परत बसवावा. याच्याइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही, पण ती रंगासारखी दिसत नाही म्हणून तिची मागणी कोणी करत नाही.

कागद नसेल तर इंजिन नाही

आता कायद्याची बाजू. इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदवहीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलले तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. दुसऱ्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल तर आधी आरटीओकडे चौकशी करूनच पुढे जावे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार चालणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. अपघात झाला आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळला नाही तर विमा कंपनी दावा अडवते, आणि तिथे मिस्त्री किंवा विकणारा आपल्या मदतीला येत नाही.

यापेक्षाही मोठा धोका चोरीच्या मालाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा आहे. माल चोरीचा आहे हे माहीत होते किंवा तसे मानायला कारण होते, एवढे त्यासाठी पुरते. घासलेला क्रमांक आणि बिलाविना सौदा हे "मानायला कारण" नाही असे न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगणार? घासलेला क्रमांक प्रयोगशाळेत रसायन लावून पुन्हा वाचता येतो, हेही लक्षात असावे.

मेरठच्या सोतीगंजचे उदाहरण ताजे आहे. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी हा बाजार सगळ्या देशात प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे मोडल्या जातात असा ठपका आला, पोलिसांच्या कारवाया झाल्या आणि २०२१ च्या अखेरीस तो बाजार बंद पडला. अशा वेळी ज्याने चोरीचा माल ठेवला त्याचे शटर खाली येते आणि ज्याने हलालाच्या कमाईचा माल ठेवला पण कागद ठेवला नाही, त्याचेही येते. दोघांत फरक दाखवणारी वस्तू फक्त कागद आहे. म्हणून विकणाऱ्याकडून इंजिनाचा क्रमांक लिहिलेले बिल घ्यावे. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत किंवा ती रीतसर मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र मागावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात मोडलेल्या गाडीचे असे प्रमाणपत्र मिळते.

ओळखीची मजुरी

शेवटी मूळ मुद्द्याकडे येतो. आपले मिस्त्री हुनरमंद आहेत. इंजिनावर हात ठेवून आणि आवाज ऐकून पुष्कळ काही सांगणारे उस्ताद आपल्या प्रत्येक शहरात आहेत. पण त्यांना मजुरी मिळते ती नट खोलण्याची आणि बसवण्याची. डोके चालवण्याची मिळत नाही. व्यापारी त्यांना बाजारात सोबत नेतो, चहा पाजतो आणि "कसे वाटते, उस्ताद?" एवढेच विचारतो. मिस्त्री संकोचाने म्हणतो, "ठीक दिसते." त्या दोन शब्दांवर मोठी रक्कम हातची जाते. उद्या इंजिन खराब निघाले तर नाव मिस्त्रीचेच खराब होते. यात मिस्त्रीवर अन्याय आहे आणि व्यापाऱ्याचेही नुकसान आहे.

काही जण म्हणतील की इंजिन पसंत पडले नाही तर ही मजुरी वाया जाईल. आम्ही म्हणतो, त्याच दिवशी ती सर्वांत जास्त कामाला आली. एका दिवसाची मजुरी देऊन निकामी इंजिनाचा सौदा टळला, याहून स्वस्त काय असणार? मिस्त्री म्हणतील की गिऱ्हाईक असे पैसे देत नाही. त्यावर तोड अशी की तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि त्याच इंजिनाचे काम पुढे आपल्याकडे आले तर ती बिलातून वजा करावी. विकणारा म्हणेल की आम्ही हेड उघडू देणार नाही. तो त्याचा अधिकार आहे. मग ते इंजिन ओळख न पटलेले इंजिन आहे आणि भंगाराच्या भावापेक्षा त्याला फार जास्त देऊ नये. जो दुकानदार ऐब दाखवून माल विकतो त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी गादीवर बसून आपल्याला शिकवले आहे.

मिस्त्रीने चिठ्ठीवर इतके लिहावे: इंजिनाचा क्रमांक, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासलेला छाप, जसा आरटीओत चेसिसचा घेतात. बोअर आणि स्ट्रोकचे माप. पिस्टनचा ओव्हरसाइज. पंपाच्या पाटीवरचा क्रमांक. कॉम्प्रेशन घेता आले असेल तर प्रत्येक सिलिंडरचे. तेलात पाणी किंवा धातूचा कीस दिसला का. आणि शेवटी आपले मत, तारीख आणि सही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, कारागिरांपैकी कोणाचे मराठीतून झाले, कोणाचे शाळेबाहेरच झाले. यंत्रांची पुस्तके इंग्रजीत असतात म्हणून आपला माणूस लिहायला बिचकतो. बिचकू नये. चिठ्ठी मराठीत लिहावी, उर्दूत लिहावी, मुलाकडून लिहून घ्यावी. ९७ मिलिमीटर सगळ्या भाषांत ९७ मिलिमीटरच असतात.

ट्रकमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्थानिक संघटनांनी अशा चिठ्ठीचा एक छापील नमुना तयार करून गॅरेजांत वाटला तर त्याला फार खर्च नाही. ज्या मिस्त्रीच्या अशा शंभर चिठ्ठ्या खऱ्या ठरतील, त्याची सहीच त्याची पाटी होईल आणि गिऱ्हाईक त्याला शोधत येईल. तोपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाने निदान आपल्यापुरते ठरवावे. पुढच्या वेळी जुन्या बाजारात जाताना खिशात पैसे घेण्याआधी सोबत मिस्त्री घ्यावा, त्याच्या हातात बोअर गेज असावा आणि त्याची आजची मजुरी घरून निघतानाच ठरलेली असावी.